वरच्या ओळीत बघ

अशोकस्तंभाजवळ, स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानावर,
अरुंद जिना चढून गेलं की चपला काढायच्या.
एसी होता त्या एकाच खोलीला, तोही आमच्यासाठी नव्हे.
यंत्राला घाम चालत नाही, गांगुर्डे सर सांगत.

एका यंत्रावर दोघं. माझ्या वाट्याला तन्वीर,
त्याच्या वाट्याला मी.
पंधरा मिनिटं त्याची, पंधरा माझी,
मधे एका फ्लॉपीवरून भांडण.

पडदा निळा, शाळेच्या स्कर्टचा निळा.
पहिली ओळ इन्क्लूड, पुढे स्टुडिओ डॉट एच.
मी सहा महिने स्टुडिओच म्हणत होते,
फोटोला बसल्यासारखी ताठ बसून.
मग मेन, मग रिकामा गोल कंस,
मग महिरपी कंस.
सर त्याला कर्ली म्हणत. मला महिरपच दिसायची,
आत पाट मांडलेला,
जेवायला अजून कोणी आलेलं नाही.

एकेक कळ शोधून दोन ओळी टाइप केल्या,
इंग्रजी अक्षरांत नमस्कार, त्याखाली माझं नाव.
यंत्र म्हणालं, चूक. ओळ सहा.
सहावी ओळ मी अकरा वेळा वाचली.
तन्वीरने वाचली.
सर डबा खायला गेलेले.

तेवढ्यात अण्णा आले मला न्यायला,
चपला हातात धरून दारातच उभे.
रविवार कारंजावरचा छापखाना बंद होऊन
तेव्हा आठ महिने झाले होते.
खिळे किलोवर गेले,
तांबट लेनच्या पलीकडे एका भंगारवाल्याकडे.
नखांतलं काळं तेवढं अण्णांकडे राहिलं.

"काय छापतेस?"
छापत नाही अण्णा, प्रोग्रॅम आहे, मी म्हटलं.
पण ओळीत तर प्रिंटच लिहिलं होतं. गप्प बसले.

इंग्रजी त्यांना वाचता यायचं ते शिशातलं,
उलटं, आरशातल्यासारखं; अर्थाशी संबंध नाही.
ते वाकले. पडद्याला बोट लावलं नाही.
"चूक दाखवतात तिथे नसते गं नेहमी.
खिळा वरच्या ओळीतून पडतो
आणि खालची ओळ सैल होते.
वरच्या ओळीत बघ."

वरच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नव्हता.

(आजही अंबडच्या ऑफिसात एखादं पोरगं
लाल रेघेकडे टक लावून बसलं की
माझ्या तोंडून तेवढंच निघतं.
त्यांना वाटतं, मॅडमची युक्ती आहे.)

मी तो बसवला.
"काका, तुम्ही सी शिकलात?" तन्वीरने विचारलं.
"ए, बी, सी, सगळे," अण्णा म्हणाले,
"सहा पॉइंटापासून छत्तीसपर्यंत."

मग चालवला.
काळा पडदा लखकन आला आणि गेला.
"छापलं?"
छापलं.
"कुठाय?"
गेलं.

सर मिशी पुसत आले. म्हणाले, शेवटी गेटसीएच टाक,
म्हणजे कोणी कळ दाबेपर्यंत थांबेल ते.
टाकलं. थांबलं.

काळ्यावर करडी अक्षरं, वरच्या कोपऱ्यात,
बाकी सगळा कागद कोरा.
अण्णा बघत राहिले.
समास फार सोडलाय, म्हणाले.
मग, "मराठीत नाही येत?"
अजून नाही, सर म्हणाले.
"आमच्या केसला खण किती होते, सांगू?"
आणि सांगितले नाहीत.

खाली स्टोव्हवाला बर्नर पेटवून बघत होता,
भर्र आवाज जिन्यातून वर येत होता.
तन्वीरची पंधरा मिनिटं केव्हाच सुरू झाली होती.
त्याने कळ दाबली नाही.